क्वेबेकबाहेरची फ्रेंच शाळा: तान्ह्या वयापासून बालवाडीपर्यंत कुटुंबाने काय करावे

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी घरात मूल दोन-अडीच वर्षांचे झाले की फ्रेंच शाळेचा विषय निघतोच, आणि बहुतेक वेळा ज्या शाळेबद्दल बोलणे चाललेले असते ती मुळात फ्रेंच शाळा नसतेच. आमचेही तसेच झाले. आदल्या रात्री पाठ केलेली चार फ्रेंच वाक्ये मी फोनवर म्हणून दाखवली, तेव्हा पलीकडच्या बाईंनी शांतपणे इंग्रजीत विचारले, "तुम्हाला नेमक्या कोणत्या मंडळाच्या शाळेत यायचे आहे?" मंडळ म्हणजे इथे त्या भागातल्या शाळा चालवणारी संस्था. मी ज्या शाळेला फोन केला होता ती इंग्रजी मंडळाची होती, तिथे फ्रेंच शिकवले जात होते, एवढेच. हा घोळ पहिल्याच दिवशी निस्तरला तर पुढचे वर्षभराचे हेलपाटे वाचतात.

या लेखात प्रामुख्याने ऑन्टारिओतील व्यवस्था डोळ्यांपुढे ठेवली आहे आणि गरजेप्रमाणे मॅनिटोबा, ब्रिटिश कोलंबिया वगैरे प्रांतांचा उल्लेख केला आहे. क्वेबेकमध्ये फ्रेंच ही बहुसंख्याकांची भाषा असल्याने तिथले नियम निराळे आहेत. त्या प्रांतात राहणाऱ्यांना यातले फारसे काही लागू पडणार नाही.

आधी दोन शाळांतला फरक

ज्याला ‘इमर्शन’ म्हणतात तो प्रकार १९६५ साली मॉन्ट्रियलजवळच्या सॅं-लाम्बेर या उपनगरातल्या इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहातून सुरू झाला. आपल्या मुलांना दुसरी भाषा चांगली यावी, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यामुळे इमर्शनच्या वर्गात शिकवणे फ्रेंचमध्ये होत असले तरी शाळा इंग्रजी मंडळाची असते, आणि मधल्या सुट्टीत मैदानावर ऐकू येते ती इंग्रजीच.

फ्रेंचभाषक अल्पसंख्याकांची शाळा ही वेगळी वस्तू आहे. तिथे कार्यालय, सूचनाफलक, स्नेहसंमेलन, बसमधल्या सूचना, सगळे फ्रेंचमध्ये चालते आणि इंग्रजी हा विषय ऑन्टारिओत सहसा चौथीपासून सुरू होतो. त्या प्रांतात फ्रेंच शाळांची १२ मंडळे आहेत, त्यांपैकी ४ सार्वजनिक आणि ८ कॅथलिक. म्हणजे आपल्या घराचा पत्ता साधारणपणे एकाच वेळी चार मंडळांच्या हद्दीत येतो: इंग्रजी सार्वजनिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच सार्वजनिक आणि फ्रेंच कॅथलिक. टोरंटोच्या बाजूला सार्वजनिक मंडळ म्हणजे व्हियामोंद आणि कॅथलिक मंडळ म्हणजे मोनाव्हनीर, ही दोन नावे बहुतेकांच्या कानावर पडतात. प्राथमिक वर्गांसाठी धर्माची अट घालण्याचा अधिकार कॅथलिक मंडळांना असतो. काही मंडळे ती सैल करतात, म्हणून हा प्रश्न पहिल्याच फोनमध्ये विचारून मोकळे व्हावे.

ही शाळा कुटुंबाच्या मागे इतकी का लागते, हे कळण्यासाठी थोडा इतिहास हवा. १९१२ साली ऑन्टारिओ सरकारने ‘नियम १७’ काढून फ्रेंचमधून शिकवणे पहिल्या दोन वर्षांपुरते मर्यादित केले. १९१६च्या जानेवारीत ओटावाच्या गिग शाळेत देलोज भगिनी शिकवत राहिल्या, आणि त्यांना हटवायला येणाऱ्यांना अडवण्यासाठी आया टोपीच्या लांब टाचण्या हातात घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. तो नियम १९२७पर्यंत मागे हटला नाही. मॅनिटोबाने १९१६ सालीच द्विभाषिक शिक्षण बंद केले होते. पुढे १९८२च्या हक्कांच्या सनदेतील कलम २३ने अल्पसंख्याक भाषेतून शिक्षणाचा हक्क दिला, आणि एडमंटनच्या तीन पालकांनी चालवलेल्या माहे खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने पुरेशी पटसंख्या असेल तिथे शाळेच्या कारभारातही या पालकांचा वाटा असला पाहिजे असे ठरवले. बेळगावच्या मराठी शाळांची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली तळमळ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आज मात्र भाषेला धोका कायद्याकडून कमी आणि घरातूनच जास्त आहे. आई फ्रेंचभाषक, वडील इंग्रजीभाषक, अशा घरात रोजचे बोलणे सहज इंग्रजीवर येते, आणि चार वर्षांचे मूल फ्रेंच शाळेच्या दारात येते तेव्हा त्याला फ्रेंच समजत नाही. २०२१च्या जनगणनेत या हक्कासंबंधी प्रश्न प्रथमच विचारले गेले, तेव्हा क्वेबेकबाहेर सुमारे ५ लाख ९३ हजार मुले फ्रेंच शाळेसाठी पात्र असल्याचे दिसले. पण शालेय वयाच्या पात्र मुलांपैकी साधारण एक-तृतीयांश मुलांनी त्या शाळेची पायरीच चढलेली नव्हती. माझ्या मते ती बरीचशी चार वर्षांच्या आतच निसटतात, कारण पाळणाघर इंग्रजी, शेजारचे मित्र इंग्रजी, आणि मूल मित्रांच्या मागे जाते. शाळेच्याच इमारतीत तान्ह्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी कार्यक्रम चालवण्याची पद्धत या अनुभवातूनच आली आहे.

पहिली पायरी: आपण कायद्यात कुठे बसतो ते पाहा

कलम २३नुसार हक्क मिळतो तो पालकांना, आणि तोही कॅनडाच्या नागरिकांना. पालकाची शिकलेली आणि अजून समजणारी पहिली भाषा फ्रेंच असेल, किंवा पालकाचे प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून झाले असेल, किंवा त्यांच्या एखाद्या मुलाने कॅनडात फ्रेंचमधून शिक्षण घेतले असेल वा घेत असेल, तर ते हक्कधारक ठरतात. फ्रेंचमध्ये अशा पालकांना ‘एयाँ-द्रुआ’ म्हणतात आणि शाळेच्या कार्यालयात हा शब्द सतत कानावर पडतो. इमर्शनमध्ये घेतलेले शिक्षण यात धरले जात नाही.

पुण्याहून किंवा पणजीहून आलेले मराठी जोडपे यात सहसा बसत नाही. पुण्यात फ्रेंचच्या परीक्षा दिलेल्या असल्या तरीही नाही. पण म्हणून दार बंद होत नाही. ऑन्टारिओच्या शिक्षण कायद्यात, हक्कधारक नसलेल्या कुटुंबांचे अर्ज पाहणाऱ्या प्रवेश समितीची तरतूद आहे, आणि २००९च्या एका सरकारी परिपत्रकाने आजी-आजोबा फ्रेंचभाषक असलेली मुले, फ्रेंच बोलणारी स्थलांतरित कुटुंबे आणि ज्यांची भाषा इंग्रजी वा फ्रेंच यांपैकी कोणतीच नाही अशी नव्याने आलेली कुटुंबे, या तिघांचा विचार करायला मंडळांना स्पष्टपणे सांगितले आहे. मराठी घर या तिसऱ्या गटात मोडते. ‘घरी इंग्रजी बोलत नाही, मराठी बोलतो’ हे सांगायला आपल्याकडचे काही पालक संकोचतात. इथे ती आपली जमेची बाजू आहे.

दुसरी पायरी: मूल चालू लागण्याच्या आत केंद्रात जायला लागा

ऑन्टारिओत शून्य ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालक-कुटुंब केंद्रे आहेत. इंग्रजीत त्यांना ‘अर्लीऑन’ म्हणतात आणि फ्रेंचमध्ये ‘ऑं नी वा’, म्हणजे ‘चला, निघू या’. यांतली फ्रेंच केंद्रे अनेकदा फ्रेंच शाळेच्याच एखाद्या खोलीत भरतात. ब्रिटिश कोलंबियाच्या फ्रेंच मंडळात अशा केंद्रांना ‘फ्राँ देपार’ म्हणतात. मॅनिटोबाच्या फ्रेंच शाळा १९९४पासून एकाच शालेय विभागाखाली आहेत. तिथे शाळांना जोडून ‘सीपीईएफ’ ही बालक-कुटुंब केंद्रे चालतात आणि त्यांच्यामागे फ्रेंचभाषक पालकांचा महासंघ उभा असतो. सस्कॅचवानमध्येही पालकांच्या संघटनेने अशीच केंद्रे उभी केली आहेत. नावे निराळी असली तरी तत्त्व एकच: मुलाला सोडून जायचे नाही, पालकाने किंवा आजी-आजोबांनी सोबत बसायचे.

सकाळ कशी असते ते सांगते. बाहेर उणे पंधरा, आत शिरल्यावर दहा मिनिटे नुसते बूट, टोप्या, हातमोजे काढण्यात जातात, आणि तिथेच पहिले फ्रेंच कानावर पडते, कारण शिक्षिका प्रत्येक वस्तूचे नाव घेत असते: कोट, मफलर, डावा हात, आता उजवा. मग मोकळा खेळ, मग फळे-बिस्किटांचा खाऊ, शेवटी सगळ्यांनी गोल बसून बडबडगीते आणि एक गोष्ट. माझ्या सासूबाई सहा महिने आमच्याकडे होत्या तेव्हा मुलीला त्याच घेऊन जात. फ्रेंच शून्य, पण गोलात बसून हात फिरवायचे, टाळी वाजवायची, बोटांची माणसे करायची, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तिसऱ्या आठवड्यात शिक्षिकेने त्यांना एक मराठी गाणे म्हणायला लावले आणि बाकीच्या आयांनी टाळ्यांचा ठेका धरला. चांगल्या केंद्राची ही खूण आहे: आपली भाषा दाराबाहेर ठेवून या, असे तिथे कुणी म्हणत नाही.

पहिल्या भेटीत काही गोष्टी विचारून घ्याव्यात. कोणत्या दिवशी कोणत्या वयाचा गट असतो, आधी नाव नोंदवावे लागते की थेट यायचे, पुस्तके आणि खेळणी घरी नेता येतात का, पालकांसाठी फ्रेंचचे वर्ग किंवा गप्पांचा गट आहे का, वाचा-उपचार किंवा मुलाच्या वाढीची तपासणी फ्रेंचमध्ये कुठे होते, आणि याच इमारतीतल्या बालवाडीच्या शिक्षिका केंद्रात कधी येतात का. शेवटचा प्रश्न सर्वात मोलाचा. जी मुले दोन वर्षे त्याच बोळातून येतात-जातात, तेच स्वच्छतागृह वापरतात आणि मुख्याध्यापिकेला रोज हात हलवतात, त्यांना सप्टेंबरमध्ये रडू कमी येते.

आठवड्यातून एकदा गेले तर ओळखी होतात. भाषा रुजायची तर किमान दोनदा जावे. नोकरी करणाऱ्या जोडप्याला हे जमत नाही हे मला मान्य आहे, आणि या कार्यक्रमांची ती खरी उणीव आहे: बहुतेक गट कामाच्या दिवशी सकाळी भरतात. शनिवारचा गट जवळपास असेल तर त्यासाठी अर्धा तास गाडी चालवायला हरकत नाही.

तिसरी पायरी: पाळणाघराच्या यादीत नाव

फ्रेंच पाळणाघर बरेचदा शाळेच्या आवारातच असते आणि त्याची प्रतीक्षायादी लांब असते. गरोदरपणातच नाव घालणारे पालक इथे आहेत, आणि ते शहाणे आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या योजनेचे उद्दिष्ट सहा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला सरासरी १० डॉलर शुल्क हे आहे, पण ते लागू होते योजनेत सामील असलेल्या पाळणाघरांनाच. तेव्हा ‘तुम्ही योजनेत आहात का’ हे विचारावे. यादीत नाव घातल्यावर दर तीन महिन्यांनी एक नम्र पत्र पाठवत राहावे, आणि यादीत हक्कधारकांना अग्रक्रम असतो का हेही समजून घ्यावे. तो असला तर रागावू नये.

चौथी पायरी: प्रवेश समिती

ऑन्टारिओत ज्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत मूल चार वर्षांचे होते, त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते पूर्ण दिवसाच्या ‘मातेर्नेल’ वर्गात जाऊ शकते आणि पुढच्या वर्षी ‘जार्दॅं’मध्ये. मॅनिटोबा आणि ब्रिटिश कोलंबियात बालवाडी पाचव्या वर्षी असते. सक्तीचे वय ऑन्टारिओत सहा असले तरी तोवर थांबू नये. चौथ्या वर्षी समितीपुढे जाणे आणि सहाव्या वर्षी जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण लहान मुलाला फ्रेंच येत नाही ही गोष्ट तिथे अडचण म्हणून पाहिली जात नाही.

नावनोंदणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद आणि स्थलांतराची कागदपत्रे एका फाइलमध्ये लावून ठेवावीत. लसीकरणाची पुस्तिका भारतातली असेल तर तिथल्या लसींची नावे इथल्या यादीशी जुळवून घ्यायला डॉक्टरांची वेळ आधीच घ्यावी. बऱ्याच कुटुंबांचे घोडे इथेच अडते.

समितीत शाळेचे मुख्याध्यापक, मंडळाचा एक शिक्षक आणि मंडळाचा पर्यवेक्षक अधिकारी असतात, आणि निर्णय बहुमताने होतो. भेट धास्तावण्यासारखी नसते. आम्हाला विचारलेले प्रश्न असे होते: घरात कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलते, मुलीच्या कानावर फ्रेंच आजवर कुठे पडले, शाळेची पत्रे तुम्ही कशी वाचणार, गृहपाठात मदत कोण करणार, आणि मुख्य म्हणजे हीच शाळा का. शेवटच्या प्रश्नाला ‘दोन भाषा आल्या की सरकारी नोकरी मिळते’ हे उत्तर खरे असले तरी पुरे पडत नाही. ही शाळा एका लहान समाजाने भांडून मिळवलेली आहे आणि तिथे येणारे प्रत्येक कुटुंब बोळात इंग्रजी आणणार की फ्रेंच टिकवणार, ही त्यांची साधी, रास्त चिंता आहे. केंद्रात दीड वर्ष जात असल्याचे सांगितले, शिक्षिकेने दिलेले दोन ओळींचे पत्र पुढे केले, आणि नवरा संध्याकाळच्या फ्रेंच वर्गाला जातो हे सांगितले, तेव्हा समोरच्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला. आपली मोडकी फ्रेंच वाक्ये जरूर बोलावीत; अडल्यावर इंग्रजीवर जायला मात्र लाजू नये.

नकार आलाच तर कारण लेखी मागावे, दुसऱ्या फ्रेंच मंडळाकडे विचारणा करावी, आणि मूल लहान असेल तर केंद्रातली हजेरी वाढवून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. डिसेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅनडाच्या उत्तरेकडील ‘नॉर्थवेस्ट टेरिटरीज’मधल्या एका प्रकरणात असे ठरवले की, हक्कधारक नसलेल्या कुटुंबांचे अर्ज नाकारताना तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी कलम २३मागची मूल्ये विचारात घ्यायला हवी होती. त्याने कुणालाही आपोआप प्रवेश मिळत नाही; पण अशा मुलांच्या येण्याने अल्पसंख्याक समाज बळकट होऊ शकतो, हा विचार आता न्यायालयाच्या निकालात आहे.

पाचवी पायरी: पहिले सहा महिने

बालवाडीच्या वर्गात ऑन्टारिओत सहसा एक शिक्षिका आणि एक बालशिक्षण-प्रशिक्षित सहशिक्षिका असते. फ्रेंच न येणाऱ्या मुलांसाठी जो जादा आधार दिला जातो त्याला ‘फ्रान्सिझासिओं’ म्हणतात: छोटे गट, चित्रे, हावभाव, तेच गाणे पुन्हा पुन्हा. आठवड्यातून किती वेळ आणि कोण देणार, हे सप्टेंबरातच विचारावे. काही मंडळे शाळा सुरू होण्याआधी उन्हाळ्यात त्यासाठी शिबिरही घेतात.

मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, वर्गात गप्प राहील. आमची मुलगी शाळेत मुकी आणि घरी येऊन बाहुल्यांना फ्रेंचमध्ये दटावणारी, अशी नोव्हेंबरपर्यंत होती. याला घाबरून घरी फ्रेंच किंवा इंग्रजी सुरू करू नये. मात्र मूल मराठीतही त्याच्या वयाच्या मानाने बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा शब्द येऊन पुन्हा गळत असतील, तर वाट पाहू नये, तपासणी मागावी. जाताना मुलाला येणाऱ्या शब्दांची यादी न्यावी, आणि तीत मराठी, इंग्रजी, फ्रेंच सगळे शब्द धरावेत. ‘पाणी’ आणि त्यासाठीचा फ्रेंच शब्द ‘ओ’ हे दोन्ही येत असतील तर ते ज्ञान आहे, गोंधळ नव्हे. केवळ फ्रेंच शब्द मोजून ‘मागे आहे’ असा शेरा कुणी मारला, तर ही यादी पुढे करावी.

सहावी पायरी: घरची भाषा

याबाबत माझे मत ठाम आहे: घरी मराठीच बोलावी. आपल्या कच्च्या फ्रेंचने मुलाची फ्रेंच सुधारत नाही, आणि आपली मराठी मात्र हातची जाते. आपण द्यायचे आहे ते भरभरून बोलणे, गोष्टी, भांडणे, विनोद, आणि ते ज्या भाषेत आपल्याला सहज येते त्या भाषेत. फ्रेंचची सोय घराबाहेरून करावी: वाचनालयातली फ्रेंच गोष्टीची वेळ, ऑन्टारिओच्या ‘तेएफओ’ या फ्रेंच शैक्षणिक वाहिनीवरचे लहान मुलांचे कार्यक्रम, वर्गातल्या फ्रेंचभाषक मुलाला खेळायला बोलावणे, फ्रेंचमधून चालणारा पोहण्याचा वर्ग. शाळेतून आलेले पुस्तक वाचता येत नसेल तर चित्रे पाहून मराठीत गोष्ट सांगावी आणि मग मुलालाच फ्रेंच पाने वाचून दाखवायला सांगावे. आईचा उच्चार सुधारण्यात चार वर्षांच्या मुलीला जो आनंद होतो तो अवर्णनीय असतो.

पालक समितीच्या बैठकीला एकदा तरी जावे, समजले अर्धेच तरी. खाऊच्या टेबलामागे उभे राहायला व्याकरण लागत नाही. पालकांच्या घोळक्यात इंग्रजी सुरू करणारे पहिले तोंड मात्र आपले नसावे.

दुसरे मूल

धाकट्याच्या वेळी गोष्ट सोपी होऊ शकते. थोरल्या मुलीचे शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून चालू असेल आणि दरम्यान पालक कॅनडाचे नागरिक झाले असतील, तर कलम २३मधल्या तिसऱ्या मुद्द्यानुसार ते स्वतःच हक्कधारक ठरू शकतात, आणि धाकट्याच्या नावनोंदणीला समितीची गरज राहत नाही. त्यासाठी थोरलीचे पहिलीपासूनचे प्रगतिपुस्तक आणि शाळेचे दाखले जपून ठेवावेत, कारण बालवाडीपेक्षा प्राथमिक इयत्तांच्या नोंदीला अधिक वजन असते. आमच्या नागरिकत्वाचा शपथविधी मार्चमध्ये झाला. एप्रिलमध्ये त्या कागदाची प्रत घेऊन मी कार्यालयात गेले, तेव्हा सचिव बाईंनी अर्जावरच्या ‘एयाँ-द्रुआ’ या चौकटीत खूण केली आणि विचारले, "लसीकरणाची नोंद आणली आहे ना?"